अमेरिकन जीवनांतील वसाहतकालीन संस्कार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें नांव निघालें कीं गगनाला भिडणाऱ्या इमारती, रुंद रस्त्यांवरून अखंड वाहणारे मोटारींचे ओघ, बोलपट, विमानें आणि संगणक अशा नव्या युगाच्या वस्तु डोळ्यांपुढें उभ्या राहतात. जें राष्ट्र स्वतःला सदैव 'नवें जग' म्हणवून घेतें, त्याच्या अंगीं जुनेपणा कोठून असणार, असें कोणालाहि वाटावें. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. इ. स. १६०७ मध्यें व्हर्जिनियांतील जेम्सटाउन येथें इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत झाली, आणि इ. स. १७७६ मध्यें तेरा वसाहतींनीं इंग्लंडशीं असलेलें नातें तोडल्याचें जाहीर केलें. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीं ह्या लोकांनीं जवळजवळ १७० वर्षें वसाहतीच्या अवस्थेंत काढलीं. ह्या काळांत गांव कसें वसवावें, गरिबाला कोणी पोसावें, मुलांना कोणी शिकवावें, परक्याला किती जवळ करावें आणि कोणत्या माणसाला माणूस म्हणावें, ह्या प्रश्नांचीं उत्तरें देऊन झालीं होतीं. राजा गेला, झेंडा बदलला. उत्तरें पुष्कळ अंशीं तींच राहिलीं.

हीं उत्तरें लोकांच्या केवळ मनांत राहिलीं असतीं तर तीं केव्हांच विरून गेलीं असतीं. ज्या देशांत दर पिढीला परदेशांतून लाखों माणसें येऊन मिसळतात, तेथें पणजोबांच्या समजुती पणतवापर्यंत पोंचणें कठीण. जर्मन आले, आयरिश आले, इटालियन, चिनी, मेक्सिकन आले. अलीकडच्या साठ वर्षांत मराठी कुटुंबेंहि तेथें मोठ्या संख्येनें स्थायिक झालीं. ह्यांपैकीं कोणाचाहि पूर्वज 'मेफ्लॉवर' जहाजांतून उतरला नव्हता. तरी त्यांचीं मुलें ज्या शाळेंत जातात ती शाळा ज्या करावर चालते, ज्या सभेंत त्यांच्या रस्त्याच्या डागडुजीचा ठराव होतो, ज्या वारीं त्यांच्या गांवचीं दुकानें बंद राहतात, त्या सर्वांची चौकट सतराव्या शतकांतील आहे. मूल्यें टिकून राहतात तीं कायद्यांत, करांत, आठवड्याच्या वारांत आणि गांवच्या शिवेंत शिरून बसलीं म्हणजे. मग तीं मानणारा माणूस नाहींसा झाला तरी तीं आपलें काम करीतच असतात.

मात्र जें जें जुनें म्हणून मिरविलें जातें तें सर्व वारशानेंच आलेलें असतें असें नाहीं. मॅसॅच्युसेट्सचा पहिला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप ह्यानें १६३० च्या सुमारास एक प्रवचन लिहिलें. त्यांत बायबलांतील डोंगरावरच्या नगराचा दृष्टान्त होता. प्रेसिडेंट केनेडी ह्यांनीं जानेवारी १९६१ मध्यें व पुढें प्रेसिडेंट रेगन ह्यांनीं वारंवार ह्या दृष्टान्ताचा उपयोग केल्यामुळें तें प्रवचन म्हणजे राष्ट्राचा जन्ममंत्रच, अशी समजूत रूढ झाली. पण तें प्रवचन प्रथम छापलें गेलें तें १८३८ मध्यें! मधल्या दोनशें वर्षांत त्याची कोणाला फारशी खबरहि नव्हती. आभारप्रदर्शनाच्या राष्ट्रीय सणाचेंहि तसेंच. १६२१ मध्यें प्लिमथच्या वसाहतवाल्यांनीं सुगीनंतर वांपनोआग लोकांसह मेजवानी केली हें खरें; परंतु साऱ्या देशानें नोव्हेंबरांत एका ठराविक दिवशीं हा सण पाळण्याची प्रथा पडली ती सेरा जोसेफा हेल नांवाच्या संपादिकेच्या दीर्घ खटपटीनंतर लिंकननें १८६३ मध्यें, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमींत, काढलेल्या जाहीरनाम्यापासून. असे दागिने मागाहून घडविलेले आणि आजीच्या नांवानें पेटींत ठेवलेले असतात. खरा वारसा बहुधा इतका शोभिवंत नसतो.

तो पाहावयाचा तर न्यू इंग्लंडच्या लहान गांवांकडे वळावें लागतें. १६३० नंतर तेथें आलेल्या प्यूरिटन लोकांना वसाहतीचें सरकार जमीन देई ती बहुधा सुट्या माणसाला नव्हे, तर एकत्र गांव वसविणाऱ्या मंडळींना. मध्यभागीं प्रार्थनेचें व सभेचें एकच घर, भोंवतीं वस्ती, पलीकडे शेतें व सामायिक कुरण. गांवचा कारभार वर्षांतून एकदां भरणाऱ्या सभेंत ठरे. ती सभा आजहि भरते. व्हरमाँट संस्थानांत मार्चचा पहिला मंगळवार हा गांवसभेचा दिवस आहे, आणि मॅसॅच्युसेट्समध्यें ६,००० हून कमी वस्तीच्या टाउनला सर्व मतदारांची उघडी सभाच भरवावी लागते. सभापति एकेक कलम वाचतो. बर्फ उपसण्याच्या यंत्राला किती पैसे द्यावे, पूल आतां बांधावा कीं पुढच्या वर्षीं, ह्यावर शेतकरी, शिक्षिका, दुकानदार उठून बोलतात आणि हात वर करून मतें देतात. इकडच्या ग्रामसभेची आठवण येथें साहजिकच होईल. फरक एवढाच कीं, तिकडे सभेच्या ठरावावांचून पैसा खर्चतांच येत नाहीं. नॉर्मन रॉकवेल ह्या चित्रकारानें १९४३ मध्यें भाषणस्वातंत्र्याचें चित्र काढलें तेव्हां त्यानें विषय घेतला तो अशाच एका गांवसभेंत उभ्या राहिलेल्या साध्या कष्टकऱ्याचा.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत आरंभीं मान्यताप्राप्त चर्चचा सभासद असलेल्या पुरुषालाच पूर्ण नागरिकत्व मिळे. 'गांव' ह्या शब्दाचा अर्थच असा होता कीं, कांहीं माणसें आंत आणि कांहीं माणसें बाहेर. आंतल्यांमध्यें विलक्षण समता, व वेशीबाहेरच्याविषयीं तितकाच विलक्षण संशय. हीं दोन अंगें एकाच देहाचीं आहेत, आणि न्यू इंग्लंडनें अमेरिकेला जें कांहीं दिलें त्यांत तीं दोन्ही बहुतेक ठिकाणीं एकत्र सांपडतात.

शाळेचेंच उदाहरण घ्यावें. प्रत्येक माणसानें बायबल स्वतः वाचलें पाहिजे, धर्मगुरूनें वाचून दाखविलेलें पुरत नाहीं, असा प्यूरिटन पंथाचा आग्रह होता. त्यामुळें अक्षरज्ञान हें मोक्षाचें साधन ठरलें. बोस्टनमध्यें १६३५ त लॅटिन शाळा निघाली, १६३६ त हार्वर्ड महाविद्यालयाची स्थापना झाली, १६४० त केंब्रिजच्या छापखान्यांतून स्तोत्रांचें पुस्तक बाहेर पडलें. १६४२ च्या कायद्यानें मुलांना वाचावयास शिकविण्याची जबाबदारी आईबापांवर व मालकांवर टाकली, आणि १६४७ च्या कायद्यानें ती गांवावर घातली. ५० कुटुंबांच्या गांवानें शिक्षक नेमावा. १०० कुटुंबांच्या गांवानें व्याकरणशाळा काढावी, न काढल्यास ५ पौंड दंड. लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवण्याचा सैतानाचा डाव हाणून पाडावा, हा ह्या कायद्याचा उघड हेतु असल्यामुळें तो आजहि सैतानाच्याच नांवानें ओळखला जातो. ह्याच पिढींत, १६७१ मध्यें, व्हर्जिनियाचा गव्हर्नर सर विल्यम बर्कली हा आपल्या वसाहतींत मोफत शाळा नाहींत व छापखानाहि नाहीं म्हणून देवाचे आभार मानीत होता. एकाच राजाच्या दोन वसाहतींत एवढें अंतर होतें.

न्यू इंग्लंडच्या ह्या अक्षरनिष्ठेची एक लाट पुढें मुंबईच्या किनाऱ्यालाहि लागली. मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकटमधील त्याच परंपरेच्या चर्चांनीं १८१० मध्यें परदेशीं मिशनरी धाडण्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें, आणि त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ मध्यें मुंबईस येऊन पोंचले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतु. परंतु आल्या आल्या त्यांनीं काढल्या त्या शाळा, आणि मग छापखाना. १८४२ मध्यें अहमदनगरास निघालेलें 'ज्ञानोदय' पत्र ह्याच मिशनचें. अहमदनगरांतील मिस सिंथिया फॅरार ह्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनानें उचल घेतली, आणि १८४८ मध्यें पुण्यांत त्यांची शाळा सुरू झाली. सैतानाला शह देण्यासाठीं निघालेला कायदा कोठें येऊन फळला, हें त्या जुन्या प्यूरिटनांना स्वप्नांतहि सुचलें नसतें.

आतां दुसरी बाजू. शाळा गांवाची, म्हणून तिचा खर्चहि गांवाचा. १७८५ च्या जमीनविषयक कायद्यानें पश्चिमेकडील नव्या प्रदेशाचे ३६ चौरस मैलांचे तुकडे पाडले व प्रत्येकांतील एक चौरस मैल शाळेसाठीं राखून ठेवला. अशा रीतीनें गांवशाळेची कल्पना खंडभर पसरली. आज त्या देशांत सुमारें १३,००० शाळामंडळें आहेत. शाळांच्या एकूण खर्चापैकीं दोन-पंचमांशांहून अधिक भाग स्थानिक उत्पन्नांतून येतो, आणि स्थानिक उत्पन्न म्हणजे मुख्यतः स्थावर मिळकतीवरील कर, ज्याला इकडे घरपट्टी म्हणतां येईल. ज्या गांवांत घरें मोठीं तेथील शाळा संपन्न. जेथें घरें लहान तेथील शाळा दरिद्री.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरांत ह्या व्यवस्थेचा कस लागला. तेथील एजवूड मंडळाच्या हद्दींत बहुतेक मेक्सिकन वंशाचीं गरीब कुटुंबें राहत. १९६७-६८ सालच्या हिशेबाप्रमाणें तेथें दर विद्यार्थ्यामागें करपात्र मिळकत ५,९६० डॉलरची होती. त्याच शहरांतील अलामो हाइट्स मंडळांत ती ४९,००० डॉलरांहून अधिक. एजवूडच्या लोकांनीं स्वतःवर दर शंभर डॉलर मिळकतीमागें १.०५ डॉलर कर बसविला, श्रीमंत शेजाऱ्यांनीं फक्त ०.८५ डॉलर. म्हणजे गरिबांनींच जास्त दरानें कर दिला. तरीहि हिशेबाअंतीं स्थानिक करांतून एजवूडच्या मुलाच्या वांट्याला २६ डॉलर आले, आणि अलामो हाइट्सच्या मुलाच्या वांट्याला ३३३! पालकांनीं दावा लावला. मार्च १९७३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, आणि आपली शाळा आपण चालवावी ही स्थानिक सत्तेची कल्पना पुरेशी सयुक्तिक आहे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. न्यायमूर्ति थर्गुड मार्शल ह्यांनीं तीव्र भिन्नमत नोंदविलें. पुढें टेक्सास, केंटकी इत्यादि अनेक संस्थानांच्या न्यायालयांनीं आपापल्या घटनांच्या आधारें ह्या विषमतेला कमीअधिक आळा घातला. पण गांवाच्या शिवेवर मुलाचें शिक्षण अवलंबून ठेवणारी मूळ चौकट अद्याप मोडलेली नाहीं. १६४७ चा कायदा ज्या सद्‌भावानें झाला त्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. त्या काळच्या गांवांत श्रीमंत आणि गरीब एकाच वेशीच्या आंत राहत, एवढें मात्र लक्षांत ठेवलें पाहिजे.

गरिबांच्या बाबतींत हीच शीव अधिक कठोर होती. एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यानें इंग्लंडांत निराधारांचा भार त्यांच्या त्यांच्या गांवावर टाकला होता. वसाहतवाल्यांनीं तीच रीत बरोबर आणली. म्हातारी विधवा, पांगळा, पोरकें मूल, हीं आपल्या गांवचीं असतील तर गांव त्यांना पोसत असे. कधीं हें पोसण्याचें काम कमींत कमी पैसे मागणाऱ्याला लिलावानें दिलें जाई. परंतु परगांवचा गरीब आला तर? त्याच्यासाठीं एक खास विधि होता. गांवचा अंमलदार त्याच्या दारीं जाऊन, अमुक दिवसांत गांव सोडावें अशी ताकीद देई आणि तिची नोंद करून ठेवी. बोस्टनमध्यें हें काम करणारा रॉबर्ट लव्ह हा गृहस्थ १७६५ ते १७७४ पर्यंत रस्तोरस्तीं हिंडून सुमारें ४,००० माणसांना अशी ताकीद देत होता. त्याच्या वह्यांत मोलकरणी आहेत, पदच्युत शिपाई आहेत, देशोधडीला लागलेलीं फ्रेंच कुटुंबें आहेत. ताकीद मिळालेल्या सगळ्यांनाच हांकून देत असें नाहीं. पुष्कळजण राहत, काम करीत. मात्र आजारी पडले तर गांवावर त्यांचा हक्क नाहीं, एवढें कागदावर पक्कें झालेलें असे. बोस्टनच्या ज्या सभागृहांत स्वातंत्र्याचीं भाषणें घुमत होतीं, त्याच्याच आसपासच्या गल्ल्यांत हें चाललें होतें.

ही ताकीद देण्याची रीत मॅसॅच्युसेट्समध्यें अठराव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. सुंभ जळला तरी पीळ गेला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक संस्थानांत असा नियम होता कीं, दुसऱ्या संस्थानांतून आलेल्या गरिबाला वर्षभर राहिल्याशिवाय सरकारी मदत मिळावयाची नाहीं. १९६६ मध्यें मॅसॅच्युसेट्समधून कनेक्टिकटांत राहावयास गेलेल्या एका एकोणीस वर्षांच्या गरोदर मातेला ह्याच कारणानें मदत नाकारली गेली. तिच्या खटल्यांत १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा नियम घटनाबाह्य ठरविला. तरीहि १९९६ च्या मोठ्या कल्याणविषयक कायद्यानें, नव्यानें आलेल्यांना पहिलें वर्षभर त्यांच्या जुन्या संस्थानाच्याच दरानें मदत द्यावी, अशी मुभा पुन्हां संस्थानांना देऊन पाहिली. ती १९९९ मध्यें न्यायालयानें रद्द केली. त्याच कायद्यांतील दुसरा भाग मात्र आजहि अमलांत आहे: संघराज्याच्या पैशांतून कुटुंबाला मिळणारी रोख मदत साधारणपणें आयुष्यांत ६० महिन्यांपुरती, आणि तिच्या मोबदल्यांत काम केलें पाहिजे. मदतीला पात्र गरीब आणि अपात्र गरीब हा भेद वसाहतींच्या दप्तरांत जसा आहे तसाच तो आजच्या विधिमंडळांतील वादविवादांत ऐकूं येतो.

कामाविषयींची ही निष्ठा प्यूरिटनांची खास ठेव मानली जाते. १६३३ मध्येंच मॅसॅच्युसेट्सनें आळसांत वेळ घालविणें शिक्षेस पात्र ठरविलें होतें. बोस्टनमध्यें १७०६ त जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिननें ह्या निष्ठेतील धर्म काढून टाकला व व्यवहार तेवढा ठेवला. म्हणूनच जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर ह्यानें १९०४-०५ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत भांडवलशाहीच्या वृत्तीचा नमुना म्हणून फ्रँकलिनलाच पुढें केलें. आज इतक्या धनाढ्य देशांत खासगी नोकराला पगारी वार्षिक रजा मिळालीच पाहिजे असा संघराज्याचा कायदा नाहीं. ह्याचें सर्व खापर प्यूरिटनांवर फोडणें बरोबर होणार नाहीं. कारखानदारांचें बळ आणि कामगार-संघटनांची दुर्बलता हीं कारणें अधिक जवळचीं आहेत. पण रजा मागणें हें जरा लाजिरवाणें वाटावें, ही भावना कारखान्यांहून जुनी आहे.

रविवारची गोष्ट मात्र गमतीची. वसाहतींत रविवारीं काम, खेळ, प्रवास ह्यांवर बंदी असे. (नाताळ हा सण मॅसॅच्युसेट्सनें १६५९ पासून १६८१ पर्यंत बेकायदा ठरविला होता आणि तो पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता, हें आजच्या तेथील नाताळ-बाजाराकडे पाहून कोणाला खरें वाटणार नाहीं.) सर्वोच्च न्यायालयानें १९६१ मध्यें रविवारचे कायदे टिकविले, कारण दिलें तें सर्वांना एक सामायिक विश्रांतीचा दिवस असावा, हें. न्यूयॉर्क शहराच्या शेजारीं न्यू जर्सींतील बर्गन परगण्यांत आजहि रविवारीं कापड, भांडीं, सामानसुमान ह्यांचीं दुकानें बंद असतात. तेथील लोकांना विचारलें तर ते देवाचें नांव क्वचितच घेतील. आठवड्यांतून एक दिवस तरी मोटारींची गर्दी कमी व्हावी, असें ते सांगतील. मूल्याचा आत्मा बदलला, देह तोच राहिला.

ह्या सर्वांहून खोल गेलेला वारसा दक्षिणेकडचा आहे. १६१९ च्या जुलैअखेर जेम्सटाउन येथें निवडलेल्या प्रतिनिधींची सभा भरली. त्या भूमीवरील ही इंग्रजी पद्धतीची पहिली लोकसभा. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस एका जहाजानें पॉइंट कम्फर्ट येथें वीसांहून थोडे अधिक आफ्रिकन बंदी आणून विकले. एकाच उन्हाळ्यांत, एकाच नदीच्या कांठीं दोन्ही गोष्टी घडल्या.

आरंभीं कायदा अद्याप घट्ट झाला नव्हता. एलिझाबेथ की नांवाच्या स्त्रीचा बाप इंग्रज, आई आफ्रिकन. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें अपत्याला बापाचा दर्जा मिळतो, शिवाय आपण बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती आहों आणि ठरलेल्या मुदतीपेक्षां अधिक काळ आपल्याला राबविलें आहे, असें म्हणून तिनें न्याय मागितला, आणि १६५६ मध्यें ती स्वतंत्र झाली. जमीनदारांनीं त्यावरून धडा घेतला. १६६२ मध्यें व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें असा कायदा केला कीं, अपत्य स्वतंत्र कीं गुलाम हें आईवरून ठरावें. आणि १६६७ मध्यें दुसरा केला कीं, बाप्तिस्म्यानें गुलामाची सुटका होत नाहीं. एका स्त्रीनें ज्या दोन दारांतून वाट काढली तीं दोन्ही दारें अशा रीतीनें बंद झालीं. बापाचें नांव लावणाऱ्या इंग्रज समाजानें हा एवढाच अपवाद कां केला, हें उघड आहे. मालकापासून दासीला झालेलें मूल ही मालकाची मिळकत ठरली. १६७६ मध्यें बेकनच्या बंडांत गोरे वेठबिगार आणि काळे दास खांद्याला खांदा लावून लढले. ह्याचा धसका घेऊन सत्ताधाऱ्यांनीं पुढें त्यांच्यांत वर्णाची भिंत अधिकाधिक उंच केली, असें इतिहासकार एडमंड मॉर्गन ह्यांनीं १९७५ मध्यें मांडलें. गरीब गोऱ्याला संपत्ति मिळाली नाहीं, पण कोणाच्या तरी वर असल्याचा मान मिळाला.

१६९१ मध्यें व्हर्जिनियानें कायदा केला कीं, काळ्या, मिश्र किंवा इंडियन वंशाच्या व्यक्तीशीं लग्न करणाऱ्या गोऱ्याला तीन महिन्यांच्या आंत वसाहतींतून कायमचें हद्दपार करावें. जून १९५८ मध्यें त्याच व्हर्जिनियांतील रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही मिश्र वंशाची तरुणी ह्यांनीं राजधानी वॉशिंग्टन येथें जाऊन लग्न केलें. पुढच्याच महिन्यांत शेरीफनें रात्रीं त्यांच्या घरांत शिरून दोघांना पकडलें. जानेवारी १९५९ मध्यें न्यायाधीशानें एक वर्षाची कैद सांगितली, आणि दोघांनीं संस्थान सोडून २५ वर्षें एकत्र परत न येण्याच्या अटीवर ती तहकूब ठेवली. म्हणजे २६८ वर्षांनंतरहि शिक्षा हद्दपारीचीच! १२ जून १९६७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हे कायदे रद्द केले; तेव्हां ते १६ संस्थानांत चालू होते. त्यांचें मूळ वसाहतकालांत, गुलामगिरीच्या पोटीं आहे, असा उल्लेखहि त्या निकालांत आहे. आलाबामाच्या घटनेंतील असें मृत कलम काढून टाकण्यासाठीं २००० सालीं मतें घेतलीं तेव्हां सुमारें चाळीस टक्के मतदारांनीं तें ठेवावें असें मत दिलें.

हें सारें पाप दक्षिणेच्या माथीं मारून उत्तरेला मोकळें होतां येत नाहीं. गुलामगिरीला कायद्यांत प्रथम स्थान देणारी वसाहत मॅसॅच्युसेट्स, सन १६४१. तेथेंहि मिश्रविवाहाला १७०५ पासून १८४३ पर्यंत बंदी होती. मूळच्या इंडियन लोकांच्या जमिनीविषयीं तर उत्तर-दक्षिण असा भेदच नव्हता. ख्रिस्ती राजाच्या माणसानें भूमि 'शोधली' कीं तिचें अंतिम स्वामित्व त्या राजाचें, हें युरोपियन दरबारांचें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १८२३ मध्यें आपल्या कायद्यांत घेतलें. न्यूयॉर्कमधील ओनायडा लोकांविरुद्ध २००५ मध्यें दिलेल्या निकालाच्या तळटिपेंतहि त्याचा आधार दिलेला आढळतो.

वसाहतकालांत ह्या सर्वांना विरोध करणारेहि होते, आणि त्यांचाहि वारसा चालू आहे. मॅसॅच्युसेट्सनें हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्सनें १६३६ मध्यें प्रॉव्हिडन्स वसविलें व राजसत्तेनें कोणाच्याहि उपासनेंत हात घालूं नये हें तत्त्व तेथें चालविलें. १७९१ मध्यें राज्यघटनेला जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीमागें जे विचार होते त्यांत हा एक होय. पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथें १६८८ मध्यें क्वेकर पंथाच्या चार गृहस्थांनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. वरिष्ठ सभांनीं तो बाजूला ठेवला. पण १७७६ पर्यंत फिलाडेल्फियाच्या क्वेकर-सभेनें गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाकारण्याइतकी मजल गाठली. स्त्रियांनाहि उपासनेंत बोलण्याचा अधिकार देणारा हा पंथ. फिलाडेल्फियांत १८५० मध्यें स्त्रियांसाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें त्यांत त्याचा मोठा वांटा होता. त्याच महाविद्यालयांतून मार्च १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि तो समारंभ पाहण्यास गेलेल्या पंडिता रमाबाईंनीं पुढें १८८९ मध्यें त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ लिहिला. जोतीरावांनीं १८७३ मधील आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें होतें तें, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना.

जुन्या निर्णयांशीं हा व्यवहार अजून चाललेलाच आहे. सालेम व त्याच्या भोंवतालच्या गांवांत १६९२-९३ मध्यें चेटकाच्या आरोपावरून खटले झाले; एकोणीस माणसांना फांशी दिलें गेलें. जवळच्या अँडोव्हर गांवची एलिझाबेथ जॉन्सन ही बावीस वर्षांची मुलगी १६९३ च्या जानेवारींत दोषी ठरून तिला देहदंड सांगितला गेला. गव्हर्नरनें तो थांबविल्यामुळें ती जगली. पुढें १७११ मध्यें व त्यानंतरहि वेळोवेळीं इतरांच्या नांवांवरील कलंक कायद्यानें पुसण्यांत आला, पण तिचें नांव प्रत्येक वेळीं राहून गेलें. तिला मूलबाळ नव्हतें. तेव्हां तिच्यासाठीं अर्ज करणारा वंशजहि मागें नव्हता. तो अर्ज अखेर नॉर्थ अँडोव्हर येथील सरकारी शाळेच्या आठवींतील मुलांनीं केला. त्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं, आपल्या भागाच्या प्रतिनिधीला गांठून विधिमंडळांत ठराव आणविला, आणि जुलै २०२२ मध्यें, म्हणजे ३२९ वर्षांनीं, ती कायद्यानें निर्दोष ठरली.